नागिणीच्या गोळ्या, किडनी आणि लिव्हर: डोस कसा ठरवायचा, तपासण्या कोणत्या करायच्या?

औषधीवाटा (धागाकर्ता)

'अँटीव्हायरल गोळ्यांनी किडनी जाते, लिव्हर खराब होतं' हे वाक्य औषधाच्या काउंटरवर नेहमी ऐकू येतं. ते ऐकून काही जण सात दिवसांचा कोर्स तिसऱ्या दिवशीच सोडून देतात. काही जण नेमकं उलटं करतात. किडनीचा जुना आजार असताना तो डॉक्टरांना न सांगताच पूर्ण डोस सुरू करतात. मला ही दुसरी चूक जास्त धोक्याची वाटते.

एक चिठ्ठी समोर ठेवतो. समजा बाई ७२ वर्षांच्या आहेत, वजन ४८ किलो, क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळते तो कचरा; आकडा वाढला की किडनी कमी गाळतेय) १.४. कमरेवर नागीण उठली आहे. चिठ्ठीवर व्हॅलासायक्लोव्हिर (विषाणूवरची गोळी) १ ग्रॅम दिवसातून तीनदा सात दिवस, डायक्लोफेनॅक (दुखण्याची गोळी) ५० दोनदा आणि प्रीगाबालिन (नसेच्या दुखण्याची गोळी) ७५ दोनदा. चाळिशीतल्या धडधाकट माणसाला ही चिठ्ठी चालेल. या बाईंसाठी मात्र तिन्ही ओळी बदलायला हव्यात असं माझं मत आहे. जाणकारांनी यावर सविस्तर लिहावं. नागिणीपुरतंच नको, हिपॅटायटिस, एचआयव्ही, फ्लू, सगळ्यांबद्दल लिहा.

नेफ्रॉन

चांगला विषय. आधी या बाईंचं गणित करू, कारण '१.४ म्हणजे थोडंसंच वाढलंय' या समजुतीतच घोळ आहे.

किडनी मिनिटाला किती मिली रक्त स्वच्छ करते तो क्लिअरन्स. तो काढायचं कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र असं: १४० मधून वय वजा करा, त्याला वजनाने गुणा, मग ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा. स्त्री असेल तर आलेल्या उत्तराला ०.८५ ने गुणा. इथे ६८ गुणिले ४८ म्हणजे ३२६४. त्याला १००.८ ने भागलं की ३२.४. त्याला ०.८५ ने गुणलं की साधारण २७.५ मिली प्रतिमिनिट.

आता व्हॅलासायक्लोव्हिरचा नागिणीचा डोस बघा. क्लिअरन्स ५० किंवा वर असेल तर १ ग्रॅम तीनदा. ३० ते ४९ असेल तर १ ग्रॅम दोनदा. १० ते २९ असेल तर १ ग्रॅम एकदाच. १० च्या खाली ५०० मिग्रॅ एकदा. म्हणजे या बाईंना हवं त्याच्या तिप्पट औषध लिहिलं गेलंय. सडपातळ म्हातारी बाई म्हणजे स्नायू कमी आणि स्नायू कमी म्हणजे क्रिएटिनिनही कमी तयार होतं. त्यामुळे रिपोर्टवरचा आकडा साळसूद दिसतो.

प्रीगाबालिनही जवळपास पूर्णपणे किडनीवाटेच बाहेर पडतं. २७ क्लिअरन्सला ७५ दोनदाने सुरुवात केली तर गुंगी, तोल जाणं आणि मग पडणं. डायक्लोफेनॅकने किडनीत रक्त नेणारी धमनी आकसते. आधीच काठावर असलेल्या किडनीला ते नकोच. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, आणि नसेच्या दुखण्याचं औषध लहान मात्रेपासून.

सदाफुली

@नेफ्रॉन, पण लॅबच्या रिपोर्टवर ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा अंदाज) छापून येतो. अशा बाईंचा तो ४० च्या आसपास येईल. मग डोस दिवसातून दोनदा की एकदा?

नेफ्रॉन

मुद्द्याचा प्रश्न. रिपोर्टवरचा ईजीएफआर १.७३ चौरस मीटर इतकं शरीराचं क्षेत्रफळ धरून काढलेला असतो. ४८ किलो आणि १५० सेंमी उंचीच्या बाईंचं क्षेत्रफळ साधारण १.४१ भरतं. ४० ला १.४१ ने गुणून १.७३ ने भागा, ३२ ते ३३ येतात. म्हणजे एका पद्धतीने २७, दुसऱ्या पद्धतीने ३२, आणि मधली रेघ ३० वर. अशा वेळी माणूस बघायचा. जेवण-पाणी नीट आहे का, आधीचं क्रिएटिनिन किती होतं, ते चढतंय की स्थिर आहे? चढत असेल तर दोन्ही सूत्रं खोटी पडतात, खरा क्लिअरन्स त्याहून कमी असतो.

अनिरुद्ध_म

इथे थोडा असहमत. धागा वाचून असं वाटायला नको की क्रिएटिनिन तपासल्याशिवाय पहिली गोळीसुद्धा घ्यायची नाही. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झालं तर फायदा जास्त. तिशीतल्या निरोगी माणसाला रिपोर्टसाठी दोन दिवस थांबवणं चूक आहे. वय साठच्या वर, मधुमेह, ब्लडप्रेशर, आधीचा किडनीचा आजार, जुलाब-उलट्या, यांतलं काही असेल तर रक्त तपासायचं. आणि तेव्हाही पहिला डोस त्याच दिवशी द्यायचा, पुढच्या डोसमधलं अंतर रिपोर्ट बघून ठरवायचं.

दुसरं, कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर पुरळ असेल तर डोळ्याला धोका असतो. तिथे 'किडनीला जपू' म्हणून गरजेपेक्षा कमी औषध देणं हीसुद्धा चूकच.

औषधीवाटा

@अनिरुद्ध_म, मान्य. पहिली गोळी रोखायची नाही हे मी मूळ धाग्यातच लिहायला हवं होतं.

रानवारा

७२ तास हातातून जातात कारण आमच्याकडे आधी गेरू लावतात, मग नागीण उतरवणाऱ्याकडे नेतात आणि फोड पिकल्यावर दवाखाना. वर 'तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस गेला' ही भीती.

नागिणीला वेढा पूर्ण करायला वाटच नाही :) हा विषाणू मणक्याजवळच्या एका नसेच्या गाठीतून बाहेर येतो आणि ती नस शरीराच्या एकाच बाजूने पोटाच्या मधल्या रेषेपर्यंत येऊन थांबते. पुरळ दोन्ही बाजूंना किंवा अंगभर पसरलं तर ती वेगळी गोष्ट. तेव्हा प्रतिकारशक्ती कमी आहे का ते बघावं लागतं आणि बहुधा ॲडमिट करून शिरेतून औषध द्यावं लागतं.

सिस्टर_पाचवा_मजला

शिरेतून द्यायचा विषय निघालाच आहे तर अ‍ॅसायक्लोव्हिरच्या सलाईनबद्दल लिहिते. (व्हॅलासायक्लोव्हिर शरीरात गेलं की त्याचं हेच बनतं.) किडनीला खरी इजा होते ती इथे. गोळीतलं अ‍ॅसायक्लोव्हिर आतड्यातून फार तर १५ ते ३० टक्के शोषलं जातं. शिरेतून गेलेलं सगळंच्या सगळं रक्तात जातं.

मेंदूच्या हर्पिसमध्ये (हर्पिस विषाणूने मेंदूला येणारी सूज) किलोमागे १० मिग्रॅ दर आठ तासांनी, १४ ते २१ दिवस. ६० किलोच्या माणसाला एका वेळी ६०० मिग्रॅ. ५०० च्या व्हायलमध्ये (औषधाच्या छोट्या बाटलीत) १० मिली स्टराइल वॉटर घातलं की १ मिलीत ५० मिग्रॅ होतात. ६०० साठी १२ मिली काढायचे आणि १०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये घालायचे. झाले ११२ मिली, म्हणजे १ मिलीत साधारण ५.४ मिग्रॅ. ७ च्या वर जायचं नाही. हे सगळं पूर्ण एका तासात जायला हवं. २० थेंबांना १ मिली असा साधा सेट असेल तर मिनिटाला ३७ थेंब.

चूक होते ती अशी. रात्री दोनचा डोस उशिरा लागतो, पुढचं काम अडलेलं असतं, आणि थेंबांचा वेग ठरवणारा रोलर पूर्ण उघडून वीस मिनिटांत बाटली संपवली जाते. मग किडनीच्या नलिकांत औषधाचं प्रमाण इतकं वाढतं की ते विरघळलेलं राहत नाही. त्याचे सुईसारखे स्फटिक होऊन नलिका तुंबतात. २४ ते ४८ तासांत क्रिएटिनिन वर जातं. पेशंटला काहीच जाणवत नाही, कधी कमरेत दुखतं, मळमळतं. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत रोज क्रिएटिनिन आणि लघवीचा तासागणिक हिशोब. ताशी ७५ मिली किंवा जास्त लघवी राहील इतकं पाणी आत जायला हवं.

अजून एक. हे औषध फार क्षारी आहे. शीर फुगली आणि औषध बाहेर झिरपलं तर कातडी भाजल्यासारखी होते. इंजेक्शनची जागा दर वेळी बघायचीच, आणि थेट सिरिंजने ढकलायचं नाही.

पाऊलवाट

मिनिटाला ३७ थेंब. हे गणित वॉर्डातल्या फळ्यावर लिहून ठेवायला हवं. +१

नेफ्रॉन

@सिस्टर_पाचवा_मजला, अप्रतिम प्रतिसाद. भर घालतो. मेंदूज्वराच्या पेशंटला सूज उतरवायला लघवी वाढवणारं मॅनिटॉल चालू असतं, उलट्या झालेल्या असतात, शिवाय पहिल्या दिवशी जिवाणूंचा संशय म्हणून व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिकही लावलेलं असतं. तिन्ही मिळून किडनीवर ताण येतो आणि खापर एकट्या अ‍ॅसायक्लोव्हिरवर फुटतं. आणि लठ्ठ माणसात डोस प्रत्यक्ष वजनावर न काढता उंचीनुसारच्या आदर्श वजनावर काढायचा. १०० किलोच्या माणसाला सरळ १००० मिग्रॅ लावणं हे नेहमीचं कारण आहे.

स्फटिकांमुळे बिघडलेली किडनी डोस कमी करून आणि पाणी देऊन बहुतेक वेळा काही दिवसांत पूर्ववत होते. म्हणून घाबरून औषध बंद करू नये. उपचार न झालेला मेंदूचा हर्पिस जीव घेतो.

गोदातीर

म्हणजे गोळ्या घेणाऱ्यांनीही दिवसाला चार-पाच लिटर पाणी प्यायचं का?

अनिरुद्ध_म

@गोदातीर, नको! हार्ट फेल्युअर असलेल्याला किंवा डायलिसिसवर असलेल्याला ते पाणी फुप्फुसात जाईल. गोळ्या घेणाऱ्या बाकीच्यांनी लघवी फिकट पिवळी राहील इतकं प्यावं, उन्हाळ्यात थोडं जास्त. पाण्याला बंधन असेल तर बंधन पाळायचं आणि डोस कमी करायचा.

डायलिसिसवरचा मुद्दा निघाला म्हणून लिहितो. अशा पेशंटला पूर्ण डोस गेला तर दोन-तीन दिवसांत असंबद्ध बोलणं, नसलेली माणसं दिसणं, हात थरथरणं सुरू होतं. घरचे म्हणतात डोक्यात गेलं, डॉक्टरला वाटतं विषाणू मेंदूत गेला, आणि मग अ‍ॅसायक्लोव्हिर आणखी वाढवलं जातं. उपाय नेमका उलटा, औषध थांबवून डायलिसिस. ते या औषधाला चांगलं धुऊन काढतं. म्हणूनच डायलिसिसच्या दिवशी गोळी डायलिसिसनंतर घ्यायची, आधी नाही.

लाल_फीत

आता एचआयव्हीकडे येऊ. एआरटी केंद्रात (एचआयव्हीच्या उपचार केंद्रात) मिळणारी टीएलडी ही एक गोळी म्हणजे टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोल्युटेग्राव्हिर ५०. तिच्या बाबतीत क्रिएटिनिन दोन वेगळ्या कारणांनी वाढतं आणि ती वेगळी ओळखता आली पाहिजेत.

पहिलं निरुपद्रवी. डोल्युटेग्राव्हिर नलिकेतलं क्रिएटिनिन बाहेर टाकणारं एक दार अडवतं. किडनीची गाळणी तशीच राहते, फक्त रक्तातला आकडा ०.१ ते ०.१५ ने वर जातो. हे पहिल्या चार आठवड्यांत होतं आणि तिथेच थांबतं. त्याच दारावर मेटफॉर्मिनही अवलंबून आहे, म्हणून मधुमेह असेल तर मेटफॉर्मिन सहसा दिवसाला १००० मिग्रॅच्या वर नेत नाहीत.

दुसरं खरं. टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिल नलिकेच्या सुरुवातीच्या पेशींत साठतं आणि तिथल्या मायटोकॉन्ड्रियांना (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागांना) इजा करतं. त्या पेशी साखर, फॉस्फेट, बायकार्बोनेट परत घ्यायचं विसरतात. क्रिएटिनिन वाढण्याआधीच खूण मिळते. रक्तातली साखर नॉर्मल, पण लघवीच्या पट्टीवर साखर दिसते. सोबत थोडं प्रोटीन आणि रक्तात फॉस्फेट कमी. हाडं दुखणं, जिना चढताना मांड्यांत ताकद नसणं हे त्याच फॉस्फेटमुळे. 'कॅल्शियम कमी झालं असेल' म्हणून ते वर्षभर तसंच राहू शकतं. लघवीची साधी पट्टी स्वस्त तपासणी आहे, पण तीच सगळ्यात जास्त टाळली जाते.

सदाफुली

छोटी दुरुस्ती. पेशंट डॅपाग्लिफ्लोझिनसारखं मधुमेहाचं औषध घेत असेल तर लघवीत साखर येणारच, ते औषध त्यासाठीच आहे. आधी औषधांची पूर्ण यादी बघायची. आणि को-ट्रायमॉक्सॅझोल या अँटिबायोटिकमुळेही क्रिएटिनिनचा आकडा खोटा वाढतो. सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) कमी असलेल्यांना ते चालूच असतं.

लाल_फीत

बरोबर, ते राहिलं होतं. धन्यवाद.

कावीळवेळ

सगळे किडनीवरच रमलेत, धाग्याच्या नावात लिव्हरही आहे :)

हिपॅटायटिस बीपासून सुरुवात करतो, कारण तिथे सर्वाधिक नुकसान औषध घेतल्याने होत नाही, सोडल्याने होतं. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर विषाणूला दाबून ठेवतं. एसजीपीटी (लिव्हरची इजा दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल आला, तब्येत बरी वाटते, 'लिव्हरला आराम' म्हणून गोळी बंद. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत विषाणू उसळतो, एसजीपीटी हजारावर जातो, आणि सिरॉसिस (व्रणांनी कडक झालेलं लिव्हर) असलेल्याचं लिव्हर त्यात निकामी होऊ शकतं. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ पासून आहे, त्यात ही औषधं मोफत मिळतात. एन्टेकॅव्हिर रिकाम्या पोटी, जेवणानंतर दोन तास आणि पुढच्या जेवणाआधी दोन तास. क्लिअरन्स ५० च्या खाली गेला की त्याचाही डोस कमी.

@लाल_फीत यांच्या मुद्द्याला जोडून. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी दोन्ही असलेल्या माणसाची किडनी बिघडली म्हणून टेनोफोव्हिर काढून त्याजागी नुसतं अबाकॅव्हिर दिलं, तर हिपॅटायटिस बीला आवर घालायला एकटं लॅमिव्ह्युडिन उरतं आणि विषाणू त्याला लवकर दाद देईनासा होतो. तिथे एन्टेकॅव्हिर जोडावं लागतं, किंवा टेनोफोव्हिर अलाफेनामाइड. त्यात रक्तातलं टेनोफोव्हिर सुमारे ९० टक्के कमी असतं, म्हणून किडनीवरचा ताणही कमी.

हिपॅटायटिस सीमध्ये सोफोसबुव्हिरसोबत डॅक्लाटॅस्व्हिर किंवा वेल्पाटॅस्व्हिर, बहुतेकांना १२ आठवडे. दोन गोष्टी सुरू करण्याआधी बघायच्याच. एक, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी आहे का ते दाखवणारी तपासणी). हिपॅटायटिस सी हटला की दबलेला बी डोकं वर काढू शकतो, अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेने) २०१६ मध्ये याचा ठळक इशारा या औषधांवर घालायला लावला. दोन, पोटात पाणी किंवा पूर्वी कावीळ झालेलं सिरॉसिस असेल तर ग्लेकॅप्रेव्हिर, व्हॉक्सिलाप्रेव्हिर अशी 'प्रेव्हिर'ने संपणारी औषधं द्यायची नाहीत.

पाऊलवाट

आणि हिपॅटायटिस सीमध्ये कधी जोडतात ते रिबाव्हिरिन? त्यानेही कावीळ दिसते ना?

कावीळवेळ

हो, पण ती कावीळ लिव्हरची नाही. रिबाव्हिरिन तांबड्या पेशी फोडतं, त्यामुळे हिमोग्लोबिन घसरतं आणि इनडायरेक्ट बिलिरुबिन (तांबड्या पेशी फुटून तयार होणारं, लिव्हरने अजून हाताळलेलं नसलेलं पिवळं द्रव्य) वाढतं. एचआयव्हीतल्या अटाझानाव्हिरनेही डोळे पिवळे होतात, एसजीपीटी मात्र नॉर्मल राहतो. म्हणून बिलिरुबिन मागवताना डायरेक्ट आणि इनडायरेक्ट वेगळं मागवा.

काळजी कधी करायची? एसजीपीटी नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त आणि त्याच वेळी बिलिरुबिन दुपटीहून जास्त, आणि त्याला दुसरं कारण नाही. हे दोन्ही एकत्र दिसले तर संशयित औषध थांबवून लगेच तज्ज्ञाकडे. नुसता एसजीपीटी ८० आला म्हणून कोर्स मोडायचा नाही. फ्लू, डेंग्यू, कोविड, सगळ्यांत तो बऱ्याचदा मुळातच वाढलेला असतो. म्हणून औषधाआधीचा एक रिपोर्ट हातात हवा, तुलना कशाशी करणार नाहीतर?

आणि कधी कधी एसजीपीटीच दगा देतो. १९९३ मध्ये अमेरिकेत फियालुरिडिन हे हिपॅटायटिस बीचं औषध १५ जणांवर तपासत होते. सात जणांचं लिव्हर निकामी झालं, पाच गेले, दोघं लिव्हर बदलल्याने वाचले. औषध मायटोकॉन्ड्रियांच्या डीएनएत शिरलं होतं आणि रक्तात लॅक्टिक अ‍ॅसिड साठत होतं. आज एखादं नवं अँटीव्हायरल येतं तेव्हा मायटोकॉन्ड्रियांची चाचणी होते, त्यामागे ही माणसं आहेत. हे विसरू नये.

रानवारा

अवांतर, पण जवळचं. औषधासोबत 'लिव्हर साफ करायला' गुळवेलीचा काढा चालू असतो त्याचं काय?

कावीळवेळ

अवांतर अजिबात नाही. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या लिव्हरची इजा प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला की वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नव्हती. वाद बाजूला ठेवला तरी काउंटरवर आणि ओपीडीत प्रश्न एकच विचारायचा: काढा, चूर्ण, भस्म, जिमची पावडर, काय काय चालू आहे? नाहीतर काढ्याचं खापर गोळीवर फुटतं आणि गरजेची गोळी बंद होते.

सिस्टर_पाचवा_मजला

फ्लूचं थोडक्यात. ओसेल्टामिव्हिर ७५ दोनदा पाच दिवस. क्लिअरन्स ३० ते ६० ला ३० मिग्रॅ दोनदा, १० ते ३० ला ३० मिग्रॅ एकदा. ३० ची कॅप्सूल मिळते, ७५ ची उघडून अंदाजाने भुकटी द्यायची गरज नाही.

कोविडच्या रेमडेसिव्हिरच्या १०० मिग्रॅच्या पावडरच्या व्हायलमध्ये औषध विरघळवायला ३ ग्रॅम सायक्लोडेक्स्ट्रिन असतं, ते किडनीवाटे जातं. म्हणून २०२१ च्या लाटेत ईजीएफआर ३० खाली असेल तर हात आखडता घेत होते. २०२३ मध्ये एफडीएने ती मर्यादा काढली, डायलिसिसवरही डोस तोच. एसजीपीटी मात्र बघायचा, नॉर्मल मर्यादेच्या दहापट झाला तर थांबवायचा विचार.

नेफ्रॉन

किडनी बदललेल्यांसाठी दोन ओळी. कोविडच्या निरमॅट्रेल्व्हिरसोबतचं रिटोनाव्हिर टॅक्रोलिमसचं (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून चालू असलेल्या औषधाचं) विघटन अडवतं. टॅक्रोलिमसची पातळी कित्येक पटींनी चढते आणि बदललेली किडनी तिनेच बिघडते. ट्रान्सप्लांट टीमला फोन केल्याशिवाय पहिली गोळीही नाही. आणि सीएमव्ही या विषाणूसाठी व्हॅलगॅन्सायक्लोव्हिर चालू असेल तर क्रिएटिनिनसोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) मागवा. डोस किडनीला झेपेल त्यापेक्षा जास्त झाला की आधी पांढऱ्या पेशी पडतात.

औषधीवाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ चिठ्ठीकडे परत येतो. त्या बाईंच्या मुलाने डॉक्टरांना फोनवर नेमकं काय सांगायचं?

नेफ्रॉन

एका दमात सांगता येईल असं: "आईचं वय ७२, वजन ४८, क्रिएटिनिन १.४, अमुक तारखेचं. क्लिअरन्स २७ येतोय. व्हॅलासायक्लोव्हिर तीनदा लिहिलंय, कमी करायचं का? डायक्लोफेनॅकऐवजी काय देऊ?" सोबत बीपी-मधुमेहाच्या गोळ्यांची नावं. क्रिएटिनिन तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा. मधेच बडबड, गुंगी किंवा लघवी कमी झाली तर त्याच दिवशी.

अनिरुद्ध_म

आणि डोळ्याजवळ पुरळ नाही हेही सांगायचं. असेल तर डोसचा निर्णय डोळ्याच्या डॉक्टरांना विचारून.

औषधीवाटा

म्हणजे माझ्याकडून जाणारी पुडी एकवीस गोळ्यांची नाही. सात, नाहीतर फार तर चौदा. डॉक्टरांचा फोन होईपर्यंत पहिली एक गोळी आणि पॅरासिटामॉल देऊन बाकीची स्ट्रिप काउंटरवरच ठेवायची.